दिलेला पैसा कोणत्या खात्यावर?



कर्ज का होते, व्याजाचा दर किती असावा, कर्जबाजारी माणसाला सरकारने कशी मदत करावी, ह्या प्रश्नांचा आपल्याकडे पुष्कळ ऊहापोह झालेला आहे. आज आम्ही जो प्रश्न आपल्यापुढे मांडणार आहोत, तो ह्या सर्वांच्या मानाने लहान आहे. इतका लहान, की तो प्रश्न आहे हेच बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. एका माणसाने एकाच सावकाराकडून तीन वेळा कर्ज काढले. तिन्हींच्या अटी वेगळ्या. पुढे त्याने काही पैसे आणून दिले, पण ते तिन्ही कर्जे फिटण्याइतके नव्हते. मग ते पैसे कोणत्या कर्जाच्या खात्यावर जमा धरायचे? आणि हे ठरवायचे कोणी? देणाऱ्याने, घेणाऱ्याने, की कायद्याने?

आम्ही वकील नाही. शाळा लवकर सुटली, आणि पुढे जे काही शिकलो ते कामगार संघटनेच्या कचेरीत बसून, कामगारांनी आणलेले कागद वाचता वाचता, आणि ते कागद उलगडेनात म्हणून रात्री कायद्याची पुस्तके उघडून. तेव्हा पंडिताचा आव आम्ही आणणार नाही. परंतु ह्या एका लहान प्रश्नावर माणसे अठराशे वर्षांहून अधिक काळ विचार करीत आली आहेत, देशोदेशींच्या कायद्यांनी त्याला वेगवेगळी उत्तरे दिली आहेत, आणि त्या उत्तरांवरून तो तो कायदा कोणाच्या बाजूला बसून लिहिला गेला हे स्वच्छ दिसते. तेवढाच इतिहास सांगण्याचा आमचा विचार आहे.

आधी एक हिशेब करू. आकडे केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत. एका कामगाराची एका इसमाकडे तीन कर्जे आहेत. पहिले ३,००० रुपयांचे, बिनव्याजी, पाच वर्षांपूर्वीचे. त्याची दावा लावण्याची मुदत टळून गेली आहे. दुसरे ८,००० रुपयांचे, बायकोचे दागिने गहाण ठेवून घेतलेले, दरमहा शेकडा २ व्याजाचे. तिसरे सर्वांत अलीकडचे, ५,००० रुपयांचे, बिनतारणाचे, दरमहा शेकडा ४ व्याजाचे. एकूण १६,०००. बोनस मिळाला तेव्हा ह्या गृहस्थाने ४,००० रुपये नेऊन दिले आणि काही न बोलता घरी आला.

हे ४,००० तिसऱ्या कर्जात जमा झाले, तर त्या कर्जाचे १,००० उरतात आणि त्यावर दरमहा ४० रुपये व्याज. गहाणाच्या ८,००० वर १६०. दरमहा एकूण २०० रुपये. तेच ४,००० सावकाराने आपल्या सोयीने वळते केले, म्हणजे ३,००० जुन्या मुदतबाह्य कर्जात आणि उरलेले १,००० गहाणाच्या कर्जात, तर गहाणाच्या ७,००० वर १४० आणि तिसऱ्या कर्जाच्या अख्ख्या ५,००० वर २००, असे दरमहा ३४० रुपये व्याज चालू राहते. महिन्याला १४० चा फरक, वर्षाला १,६८० चा. बाकी दोन्ही हिशेबांत १२,००० च आहे. परंतु पहिल्या हिशेबात त्यांतील ३,००० वसूल करायला सावकाराला कोर्टाची वाट बंद आहे; दुसऱ्या हिशेबात सगळेच्या सगळे १२,००० तो दावा लावून मागू शकतो. माणूस तोच, पैसे तेवढेच, तारीख तीच. फरक पडला तो फक्त खतावणी करणाऱ्याची लेखणी कोठे टेकली ह्यामुळे.

आता आपण रोमकडे जाऊ, कारण ह्या प्रश्नाचे सर्वांत जुने सविस्तर उत्तर तेथे सापडते. सम्राट जस्टिनियन याने ५३३ साली जुन्या कायदेपंडितांच्या मतांचा जो महासंग्रह प्रसिद्ध करविला, त्यात अल्पियन आणि पापिनियन ह्या दोघांची ह्या विषयावरील मते आहेत. दोघेही इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतले. अल्पियनचे म्हणणे असे, की पहिला शब्द ऋणकोचा. पैसे देताना तो म्हणेल त्या कर्जात ते जमा झाले पाहिजेत. तो बोलला नाही, तर निवड धनकोकडे जाते. परंतु येथे रोमन पंडिताने धनकोच्या हाताला दोन दोऱ्या बांधल्या. एक अशी, की निवड तेथल्या तेथे करायची; पैसे पेटीत टाकून चार महिन्यांनी हिशेब जुळवायचा नाही. दुसरी अशी, की आपणच कर्जदार असतो तर कोणते कर्ज आधी फेडले असते, असा विचार करून निवड करायची. वादातल्या कर्जात किंवा मुदत अजून न भरलेल्या कर्जात पैसे ढकलायचे नाहीत. दुसऱ्याच्या पैशांचा हिशेब आपल्याच पैशांचा असल्यासारखा करावा, हे त्यामागचे तत्त्व.

आणि दोघेही गप्प राहिले तर? पापिनियन उतरंड सांगतो. ज्या कर्जाने अप्रतिष्ठा येते ते पहिले, दंड लागणारे दुसरे, गहाणाचे तिसरे. मग दुसऱ्यासाठी जामीन राहिल्याच्या देण्यापेक्षा स्वतःचे देणे अगोदर. आणि ह्यांपैकी काहीच लागू नसेल तर जुने आधी. ह्या उतरंडीचे जे कारण तो देतो ते आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. जागरूक ऋणकोला कोणी वेळेवर आठवण करून दिली असती, तर त्याने असाच व्यवहार केला असता, म्हणून. म्हणजे गप्प राहिलेल्या माणसाच्या वतीने कायदा बोलतो, आणि तो त्याच्या हिताचे बोलतो. रोम हे गुलामांच्या श्रमावर उभे राहिलेले राज्य होते. त्याचे गोडवे गाण्याचे आम्हाला कारण नाही. कर्जाचा भरणा आधी व्याजात आणि मग मुद्दलात, हा धनकोच्या सोयीचा नियमही तेथलाच. पण न्याय्य विचार कोठला आहे हे पाहून तो नाकारायचा नसतो.

हा विचार फ्रान्समध्ये टिकला. ऑर्लीन्सचा न्यायाधीश पोतिये याने १७६१ साली ऋणसंबंधांवर ग्रंथ लिहिला, त्यात रोमन नियम नीट मांडून ठेवले. आणि १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेने ते कलमांत उतरवले. ऋणकोने सांगावे. त्याने एखाद्या विशिष्ट कर्जाची पावती स्वीकारली, तर मागाहून बदल मागता येणार नाही. मात्र धनकोने लबाडी केली असेल किंवा त्याला बेसावध गाठले असेल तर येईल. पावतीत काहीच लिहिलेले नसेल, तर मुदत भरलेल्या कर्जांपैकी जे फिटण्यात ऋणकोचे अधिक हित, ते आधी. २०१६ साली फ्रान्सने ह्या भागाची पुनर्रचना केली, कलमांचे आकडे बदलले, पण हे सूत्र राहिले. आमच्या उदाहरणातील ४,००० रुपये पॅरिसच्या न्यायाधीशापुढे गेले, तर तो शेकडा ४ च्या कर्जाकडे बोट दाखवील.

जर्मनीची संहिता १ जानेवारी १९०० पासून लागू झाली. तिच्या ३६६ व्या कलमातही पहिला शब्द ऋणकोचा. तो न बोलल्यास कायदा स्वतः क्रम लावतो: मुदत भरलेले कर्ज आधी, त्यांत धनकोला ज्याची सुरक्षितता कमी ते आधी, सुरक्षितता सारखी असेल तर ऋणकोला जड जाणारे आधी, मग जुने, सगळेच सारखे तर प्रमाणात. मुदतबाह्य कर्जाचा मुद्दा बाजूला ठेवून गहाणाचे आणि बिनतारणाचे अशा दोनच कर्जांची तुलना केली, तर जर्मन कायदाही पैसे बिनतारणाच्या कर्जात घालील. निकाल फ्रान्ससारखाच, पण कारण उलटे. फ्रेंच न्यायाधीश ऋणकोचे व्याज वाचवतो, जर्मन कायदा धनकोचा धोका कमी करतो. उद्या गहाणाच्या कर्जाचा दर अधिक असता, तर दोघांच्या वाटा फुटल्या असत्या.

इंग्लंडने तिसरीच वाट धरली. तेथे पहिला शब्द ऋणकोचाच; परंतु तो गप्प राहिला की निवड धनकोकडे, आणि तीही मोकळी. आपण ऋणकोच्या जागी असतो तर, हा विचार करण्याचे बंधन नाही. तेथल्या तेथे ठरवण्याचे बंधन नाही. धनको अगदी शेवटच्या क्षणापर्यंत निवड करू शकतो, असे लॉर्ड मॅकनॉटन यांनी १८९७ साली ‘मेक्का’ जहाजाच्या खटल्यात सांगितले. मुदत टळलेल्या कर्जातही तो पैसे वळते करू शकतो, हे त्याच्या पुष्कळ आधी, १८३९ च्या एका खटल्यात ठरले होते.

इंग्लंडचा सर्वांत प्रसिद्ध निवाडा मात्र पेढीच्या चालू खात्याचा आहे, १८१६ चा. डेव्हेन्स नावाचा एक भागीदार १८०९ साली वारला. उरलेल्या भागीदारांनी पेढी चालू ठेवली आणि पुढच्याच वर्षी ती बुडाली. क्लेटन नावाच्या खातेदाराची डेव्हेन्सच्या मृत्यूच्या दिवशी काही शिल्लक होती. त्यानंतर त्याने पैसे काढले, पुन्हा भरलेही. पेढी बुडाल्यावर तो म्हणाला, माझी जुनी शिल्लक मयताच्या इस्टेटीतून द्या. सर विल्यम ग्रँट यांनी उत्तर दिले, की चालू खात्यात जी रक्कम प्रथम आत आली तीच प्रथम बाहेर गेली असे धरायचे. क्लेटनने मागाहून काढलेल्या पैशांत त्याची जुनी शिल्लक केव्हाच संपली. राहिले आहे ते नव्या भागीदारांकडचे येणे. येथे धनको होता एक साधा खातेदार, ऋणको होती पेढी, आणि मार खाल्ला खातेदाराने. व्यापाऱ्यांच्या रोजच्या उलाढालीला सुटसुटीत असा हा नियम आहे हे आम्ही कबूल करतो. चालू खात्यातील प्रत्येक रकमेचा वेगळा माग काढत बसले, तर कोणतीही पेढी चालणार नाही.

हा व्यापाऱ्यांचा कायदा आगबोटीतून हिंदुस्थानात आला. १ सप्टेंबर १८७२ पासून भारतीय करार कायदा लागू झाला. त्याची ५९, ६० आणि ६१ ही तीन कलमे ह्याच विषयाची आहेत आणि ती आजही लागू आहेत. ५९ वे कलम म्हणते, की एकाच इसमाची अनेक निरनिराळी देणी असताना ऋणकोने स्पष्ट सांगून, किंवा परिस्थितीवरून दिसून येईल अशा रीतीने, विशिष्ट कर्जापोटी पैसे दिले आणि ते स्वीकारले गेले, तर ते त्याच कर्जात धरले पाहिजेत. कायद्यातच दिलेले उदाहरण सुबोध आहे. धनकोने ५६७ रुपयांची मागणी करणारे पत्र लिहिले आणि ऋणकोने बरोबर ५६७ रुपये पाठवले. तर ते त्याच कर्जाचे. आकडाच बोलतो. ६० वे कलम: ऋणकोने सांगितले नाही आणि परिस्थितीही काही सुचवीत नाही, तर धनकोने आपल्या मर्जीप्रमाणे, कायदेशीर आणि देय झालेल्या कोणत्याही कर्जात पैसे घालावेत, मग ते कर्ज मुदतबाह्य का असेना. ६१ वे कलम: कोणीच काही ठरवले नाही, तर काळाच्या क्रमाने, येथेही मुदतबाह्य कर्जासकट, आणि कर्जे एकाच वेळची असतील तर प्रमाणात.

आमच्या उदाहरणातला कामगार गप्प बसून घरी आला, त्याचे ह्या कायद्यापुढे काय होईल ते आता सांगायला नको. सावकाराने निवड केली तरी ३,००० जुन्या कर्जात जातील. सावकारही विसरला तरी ६१ वे कलम ते तेथेच नेऊन पोचवील. रोममध्ये कायदा गप्प माणसाच्या वतीने बोलत होता. येथे कायदा त्याला म्हणतो, तुला बोलायचा हक्क दिला होता. तू बोलला नाहीस.

पण बोलायचे कोणी? १८७२ साली दख्खनच्या ज्या कुणब्यासाठी हा कायदा मुंबई इलाख्यात लागू झाला, त्याला अक्षरओळख नव्हती. त्याची देणी एकाच घरी, पण रोखे अनेक. भरणा कधी रोकड, कधी ज्वारीचे पोते. पावती नाही. रोख्याची मुदत भरत आली, की थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा, आणि त्यावर त्याचा अंगठा. हा कायदा लागू होऊन तीन वर्षे झाली नाहीत तोच, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा झाला आणि तो पुणे व अहमदनगर ह्या जिल्ह्यांतील गावोगावी पसरला. ह्या दंग्यांचे एक वैशिष्ट्य इतिहासकारांनी नोंदलेले आहे. लोक सावकारांच्या जिवावर फारसे उठले नाहीत. त्यांनी रोखे आणि वह्या मागितल्या, आणि मिळाल्या तेथे जाळल्या. ज्याला कागद वाचता येत नाही, त्याला कागदाशी बोलण्याचा हा एकच मार्ग उरला होता.

योगायोग पाहा. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तीही १८७५ सालीच. शहरात माणसे बोलायला आणि ऐकायला शिकत होती. पन्नास मैलांच्या आत माणसे कागद जाळत होती. ही दोन चित्रे एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत, असे आम्हाला वाटते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांसाठी होता. त्यात कोर्टाला सांगितले होते, की केवळ शेवटचा रोखा पाहून हुकूमनामा करू नका. व्यवहाराचा मुळापासून इतिहास तपासा. मुद्दलाचा आणि व्याजाचा हिशेब वेगवेगळा मांडा. व्याज मुद्दलात मिसळू देऊ नका. आणि शेतकऱ्याने पैसे दिले की लेखी पावती मिळण्याचा, वर्षाचा हिशेब मागण्याचा व खातेपुस्तकात नोंद करून घेण्याचा हक्क त्याला दिला. म्हणजे १८७२ च्या कायद्याने गृहीत धरलेला बोलका, साक्षर ऋणको दख्खनमध्ये नाही, हे सात वर्षांत राज्यकर्त्यांना मान्य करावे लागले.

ह्यात नवीन काही नव्हते, असेही म्हणता येईल. याज्ञवल्क्यस्मृतीत असा नियम आहे, की ऋणकोने जसजसे धन द्यावे तसतसे लेखाच्या पाठीवर लिहावे, किंवा धनकोने आपल्या हातची खूण केलेली पोच द्यावी. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात एका वेळी घ्यावयाचे व्याज मुद्दलाइतके झाले की पुरे, ही मर्यादा आहे. तिलाच आपण दामदुपट म्हणतो. स्मृतिकारांचेही गोडवे गाण्याचे आम्हाला कारण नाही. त्याच याज्ञवल्क्याने अनेक धनको असतील तर ज्या क्रमाने घेतले त्या क्रमाने फेडावे असे सांगितले आणि लगेच ब्राह्मणाला प्रथम, मग राजाला, अशी पंगत मांडली. क्रम लावणे म्हणजे कोणाला आधी जेवू घालायचे हे ठरवणे, हे ह्यावरून कळावे. परंतु लेखाच्या पाठीवरची ती नोंद, तेवढी एक गोष्ट दख्खनच्या प्रत्येक रोख्यावर झाली असती, तर पुढचे पुष्कळ टळले असते.

तोच कुणबी पुढे मुंबईच्या गिरणगावात आला. कामगारांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी १९२९ साली व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला, आपले ना. म. जोशी त्याचे एक सभासद होते. १९३१ च्या अहवालात आयोगाने लिहिले, की बहुतेक औद्योगिक केंद्रांत दोन-तृतीयांशांहून कमी नाहीत इतकी कुटुंबे वा माणसे कर्जात आहेत, आणि पुष्कळांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगारापेक्षा अधिक आहे. दर महिन्याला रुपयामागे एक आणा हा दर सर्रास चालत होता. म्हणजे वर्षाला शेकडा ७५. अशा दरात पगाराच्या दिवशी दिलेले चार रुपये कोठे जातात, हे विचारण्याचीसुद्धा सोय नसते. ते व्याजात जातात, आणि मुद्दल तसेच उभे राहते.

व्याज आधी की मुद्दल आधी, हा भाग थोडा वेगळा करून सांगितला पाहिजे, कारण येथे सभांतून पुष्कळ गोंधळ होतो. ५९ ते ६१ ही कलमे अनेक स्वतंत्र कर्जांविषयी आहेत. एकाच कर्जाच्या मुद्दलाला आणि व्याजाला ती लावता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सांगितले आहे. तेथे सर्वसाधारण नियम असा, की वेगळा करार नसेल तर भरणा आधी व्याजात. हा नियम लुटारूंनी काढला असे म्हणणे बरोबर होणार नाही. आमच्या कामगारांच्या पतपेढ्यांतही आम्ही तोच चालवतो. कारण व्याज शेवटी घ्यायचे म्हटले, तर ज्यांची ठेव आहे त्या दुसऱ्या कामगारांना काय द्यायचे? पण नियम चालत आला म्हणून तो बदलता येत नाही असेही नाही. ज्या जर्मनीच्या संहितेत आधी खर्च, मग व्याज, मग मुद्दल असा क्रम आहे, त्याच जर्मनीने १९९१ पासून लागू झालेल्या ग्राहककर्ज कायद्यात थकबाकीदार सामान्य माणसापुरता तो उलटा केला: वसुलीचा खर्च, मग मुद्दल, आणि शेवटी व्याज. माणूस भरत राहिला तर त्याला बोगद्याचे दुसरे तोंड दिसले पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. जर्मनीतील पतव्यवहार त्यामुळे बंद पडला नाही.

नाण्याला दुसरी बाजूही आहे, आणि संघटनेच्या कार्यकर्त्याने ती विसरू नये. आपण नेहमी ऋणकोच असतो असे नाही. पगार थकवलेला कारखाना हा ऋणको असतो आणि कामगार धनको. त्या कारखान्याकडे तीन महिन्यांचा पगार, रजेचे पैसे, बोनस आणि ग्रॅच्युइटी अशी निरनिराळी येणी असतात. मालक एक ठोक रक्कम ‘खात्यापोटी’ म्हणून देतो आणि कशापोटी ते सांगत नाही. अशा वेळी ६० वे कलम कामगाराच्या हाताशी आहे. उशिरा दिलेल्या ग्रॅच्युइटीवर व्याज द्यावे लागेल, अशी तरतूद १९८७ च्या दुरुस्तीने ग्रॅच्युइटी कायद्यात आली. तेव्हा ज्या येण्यावर व्याज चढत नाही आणि ज्याची मुदत टळत आली आहे, त्यात ही रक्कम आधी घ्यावी, आणि तसे पावतीवर लिहून द्यावे. कोर्टाच्या हुकमाचे पैसे अपुरे आले तर ते आधी व्याजात, हा नियमही येथे आपल्या बाजूचा होतो. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने जमीनसंपादनाच्या भरपाईसंबंधी तो मान्य केला; मात्र एका टप्प्यावर पुरी फिटलेली रक्कम पुढच्या टप्प्यावर उकरून काढता येणार नाही, हेही बजावले. सावकाराच्या हातातील हत्यार म्हणून ज्या कलमाला आपण नावे ठेवतो, तेच कलम उद्या आपल्या हातात असते. म्हणून ते जाळून भागत नाही. शिकून घ्यावे लागते.

आता आजच्या काळाकडे. पठाण गेला, दारातली काठी गेली. हप्ता महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यातून परस्पर कापला जातो. घरासाठी कर्ज, फटफटीसाठी कर्ज, क्रेडिट कार्डाची बाकी, आणि मोबाईलवर दहा मिनिटांत मिळणारे कर्ज; पुष्कळदा त्यांतील दोन-तीन एकाच संस्थेची. येथे ऋणको पैसे देताना बोलतच नाही, कारण पैसे तो देत नाही, ते घेतले जातात. त्याच्या वतीने करारपत्रातला एक परिच्छेद आधीच बोलून बसलेला असतो: आलेली रक्कम कोणत्याही येण्यात, कोणत्याही क्रमाने वळती करण्याचा अधिकार संस्थेला राहील. ५९ व्या कलमाने दिलेला पहिला शब्द कर्ज घेण्याच्या दिवशीच, न वाचलेल्या पानावर सही करून आपण परत केलेला असतो. १८७५ चा अंगठा आणि आजची ही सही, ह्यांत आम्हाला फार अंतर दिसत नाही.

असे परिच्छेद अजिंक्य नसतात. अमेरिकेने २००९ साली क्रेडिट कार्डांसाठी कायदा करून ठरवले, की किमान भरण्याच्या वर ग्राहकाने जे भरले, ते सर्वांत जास्त व्याजाच्या बाकीत आधी गेले पाहिजे. तोवर बँका ते सर्वांत कमी व्याजाच्या बाकीत टाकत असत. पापिनियनच्या जागरूक ऋणकोचाच हा नवा अवतार होय. आपल्या रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना सांगितले, की दंड म्हणून व्याजाचा दर वाढवायचा नाही, दंड वेगळा आकारायचा आणि त्यावर पुन्हा व्याज चढवायचे नाही. भरण्याच्या क्रमाचा प्रश्न ह्याने सुटत नाही. पण १८७९ च्या कायद्यातले मुद्दलापासून बाकी गोष्टी वेगळ्या ठेवण्याचे तत्त्व पुन्हा एकदा मान्य झाले, एवढे म्हणता येते.

एक अनुभव सांगतो. एका पतपेढीत आमच्या एका सभासदाची दोन कर्जे होती: एक त्याचे स्वतःच्या ठेवीवरचे, दुसरे शेजारच्या यंत्रावरच्या मित्राला जामीन ठेवून काढलेले. मित्राची निवृत्ती जवळ आली होती आणि जामीनकी सुटल्याशिवाय त्याचे पैसे मोकळे होत नव्हते. सभासदाने १०,००० रुपये भरले आणि कारकुनाने ते ठेवीवरच्या कर्जात जमा केले. तंटा आमच्यापर्यंत आला. आम्ही भरण्याची चिठ्ठी मागितली. तिच्यावर, कोणी शिकवले नसताना, त्या माणसाने वेड्यावाकड्या अक्षरात लिहिले होते, ‘जामीनकीच्या कर्जापोटी’. ५९ वे कलम दाखवण्याचीही वेळ आली नाही. खतावणी दुरुस्त झाली. दोन शब्दांनी एका म्हाताऱ्या कामगाराचे पैसे मोकळे केले.

तात्पर्य इतकेच. कायद्यात बदल हवा, आणि त्यासाठी संघटनांनी मागणी केली पाहिजे: अनेक कर्जे असलेल्या सामान्य ऋणकोचा भरणा, तो गप्प असेल तर, त्याला जड जाणाऱ्या कर्जात आधी जावा, मुदतबाह्य कर्जात त्याच्या लेखी संमतीवाचून जाऊ नये, आणि हा हक्क छापील करारपत्राने काढून घेता येऊ नये. ह्यातील एकही गोष्ट स्वप्नातली नाही. यातली काही तत्त्वे रोमच्या पंडितांनी सांगितली, काही पॅरिस, बर्लिन आणि वॉशिंग्टनने अंमलात आणली. परंतु तो बदल होईपर्यंत जो हक्क आज आहे, तो वापरला पाहिजे. पैसे द्याल तेव्हा कोणत्या कर्जापोटी देता ते सांगा. सांगाल ते चिठ्ठीवर लिहा. लिहाल त्याची पावती घ्या. बँकेत पैसे पाठवताना शेऱ्यासाठी जी लहानशी जागा असते, ती रिकामी सोडू नका, आणि त्याच दिवशी तसे पत्रही पाठवा. नवे कर्ज घेताना तो क्रमाचा परिच्छेद शोधून वाचा, आणि चारजण मिळून त्याबद्दल विचारा. एकट्याने विचारले तर उत्तर मिळत नाही, हा आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे.

कष्टाचा पैसा कमवायला महिना लागतो आणि तो कोठे जमा करायचा हे सांगायला एक वाक्य लागते. ते वाक्य आपण बोललो नाही, तर दुसरा कोणीतरी बोलतो.